किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटर: छोटी, जुनी शिडाची नौका घेण्याआधी

मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने शिडाची नौका विकत घेण्याचा विचार बोलून दाखवला, की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, ती ठेवणार कुठे? विचारणाऱ्याच्या मनात काहीही असो, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि खरेदीचा विचार तेथूनच सुरू झाला पाहिजे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर येथील आम्ही चार मित्रांनी मिळून काही वर्षांपूर्वी २४ फुटांची जुनी नौका घेतली. त्याआधी दीड वर्ष आम्ही किंमत, रंग, इंजिन आणि शिडे यांचीच चर्चा करत होतो. इतक्या दूर पाण्यात उभ्या असलेल्या वस्तूकडे रोज पाहणार कोण, या प्रश्नाला त्या चर्चेत जेमतेम एक संध्याकाळ मिळाली. त्याची भरपाई पहिल्याच हंगामात करावी लागली. ती हकीकत पुढे सांगेनच.

येथे मी ज्या नौकेविषयी लिहीत आहे ती साधारण २० ते २८ फूट लांबीची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची आणि दोन शिडांची असते. तिच्या तळाशी शिशाचे किंवा बिडाचे वजन असलेली कील, म्हणजे पाण्यात खाली उतरणारा आणि नौकेला तोलून धरणारा कणा असतो, आत दोन ते चार माणसांना झोपता येईल एवढी केबिन, एक छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी असते, आणि वारा पडल्यावर बंदरात परतण्यासाठी एक लहान इंजिन असते. शर्यतीसाठी बांधलेली नौका आणि मुक्कामी सफरीसाठी बांधलेली नौका या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मुंबईत दिसणारी जे-२४ ही १९७७ साली आलेली नौका शिकण्यासाठी आणि शर्यतीसाठी उत्तम आहे, परंतु तिच्या केबिनमध्ये ताठ उभे राहता येत नाही आणि कुटुंबासह दोन रात्री काढायच्या असतील तर ती लवकरच अपुरी वाटू लागते.

दिवस आधी, रुपये नंतर

कोकणकिनाऱ्यावर छोट्या शिडाच्या नौकेचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात-आठ महिन्यांचा असतो. या काळात पहाटे जमिनीकडून मतलई वारे येतात, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा खारा वारा धरतो आणि समुद्र बहुतांशी शांत असतो. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की छोट्या नौकांना उघड्या समुद्रात स्थान राहत नाही. आता आपल्या गावाहून किती वेळा जाणे होईल, याचा हिशेब कागदावर मांडावा. संभाजीनगरहून मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे, लातूरहून पाचशेच्या आसपास आणि नांदेडहून त्याहूनही अधिक. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण लांबीने खुला झाल्यामुळे संभाजीनगर-जालन्याकडच्या माणसाचा प्रवास सुखकर झाला आहे, आणि देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरण्याची सोय पूर्वीपासून आहे. तरीही शनिवार-रविवारच्या दोन दिवसांसाठी दोन रात्री प्रवासात घालवणे महिन्यातून दोनदा जमेल, असे ठरवताना ज्याची शेती आहे त्याने कापसाची वेचणी, तुरीची काढणी आणि हरभऱ्याचे पाणी यांचे दिवस आधी वजा करावेत, आणि ज्यांच्या घरी मुले दहावी-बारावीला आहेत त्यांनी फेब्रुवारी-मार्च पूर्णच वजा करावेत. लग्नसराई मोजायची राहिलीच. आमचा अंदाज वर्षाला ३२ दिवसांचा होता; पहिल्या वर्षी प्रत्यक्षात १७ दिवस भरले.

वार्षिक खर्चाला या दिवसांनी भागून पाहिल्याशिवाय नौका परवडते की नाही हे कळत नाही. समजा, नौका ठेवण्याची जागा, देखभाल करणारा माणूस, विमा, पावसाळ्यात बाहेर काढणे, तळाचा रंग आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला २ लाख ४० हजार रुपये लागले आणि २४ दिवस पाण्यात गेले, तर खरेदीची किंमत न धरताच एका दिवसाला १० हजार रुपये पडतात. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत; खरे आकडे ज्या ठिकाणी नौका ठेवायची तेथूनच लेखी मागवावेत. एवढ्याच पैशांत प्रशिक्षित कप्तानासह भाड्याची नौका किती दिवस मिळेल, हेही त्याच कागदावर लिहावे. वर्षाला १२ दिवसांच्या खाली ज्याचा हिशेब जातो त्याने भाड्याची नौका घ्यावी, असे मी नि:संकोचपणे सांगतो, कारण त्यात समुद्राचा आनंद तोच असतो आणि न वापरलेल्या नौकेची चिंता नसते.

नौकेच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी खर्चासाठी बाजूला ठेवावी, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. तो जुन्या, स्वस्त नौकेला लागू करू नये. शिडाचे कापड, डोलकाठीच्या तारा, तळाचा रंग, क्रेनचे भाडे यांचा खर्च नौकेच्या लांबी-वजनावर ठरतो. नौका निम्म्या किमतीत मिळाली म्हणून शीड शिवणारा निम्मे पैसे घेत नाही. खरे तर स्वस्त मिळालेल्या नौकेवर पहिल्या दोन वर्षांत अधिक खर्च होतो, कारण आधीच्या मालकाने टाळलेली कामेच त्या स्वस्ताईच्या रूपाने आपल्यापर्यंत आलेली असतात.

पैठणच्या पाण्याविषयी

घराजवळच नाथसागरासारखा जलाशय असताना मुंबईला कशाला जायचे, हा प्रश्न मलाही अनेकदा पडला. जायकवाडीचा जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद आहे आणि वारा धरला की तेथे चांगल्या लाटा उठतात. परंतु तो पसरट आणि उथळ आहे. उन्हाळ्यात पाणी इतके मागे हटते की काठावर गाळपेर होते, आणि २०१६ सारख्या दुष्काळात साठा मृतपातळीच्याही खाली गेला होता. सव्वा मीटर खोल कील असलेली नौका अशा ठिकाणी ऑक्टोबरात तरंगेल आणि एप्रिलात चिखलात आडवी होईल. शिवाय १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि लाखो लोकांचे पिण्याचे पाणीही तेथूनच येते, त्यामुळे वन विभाग आणि जलसंपदा विभाग यांच्या परवानगीवाचून तेथे काहीही उतरवण्याचा विचार करू नये. तेथे उतरणारी रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे काठावरून पाहण्यात जे समाधान आहे ते मोडून आपली हौस भागवू नये, असे मला मनापासून वाटते.

शिकण्यासाठी मात्र गोड्या पाण्याचा तलाव फार चांगला असतो. नांदेड आणि लातूरकडच्या लोकांना हैदराबाद मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे, आणि हुसेनसागरावर लहान शिडाच्या नौकांची परंपरा जुनी आहे. संभाजीनगर-जालन्याकडच्यांनी मुंबईतच शिकावे. ज्याने अजून एकही हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर काढलेला नाही त्याने स्वतःची नौका पाहायलाही जाऊ नये. आपल्याला उलटी होते का, रात्री सुकाणू धरून बसणे आवडते का, आणि घरातील माणसे दुसऱ्यांदा यायला तयार होतात का, हे त्याशिवाय समजत नाही.

किती मोठी घ्यावी

कॅप्टन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या नौकेतून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. या सफरींनी आपल्याकडे अनेकांच्या मनात समुद्र जागा केला, माझ्याही केला. परंतु म्हादेई ५६ फुटांची होती आणि तिच्यामागे संपूर्ण नौदल उभे होते. आपल्यामागे चार मित्र आणि त्यांच्या रजा आहेत, हे लक्षात ठेवून नौकेचा आकार ठरवावा.

लांबी थोडी वाढली की वजन आणि त्याबरोबर येणारे सर्व काही फार वाढते. २२ फुटांची कॅटालिना-२२ सुमारे एक टनाची आहे, तर २६ फुटांची वेस्टरली सेंटॉर तीन टनांची. चार फुटांच्या फरकात वजन तिप्पट. सामान्य कीलच्या नौकेच्या वेगाचीही मर्यादा लांबीतच असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचे, फुटांत, वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की नॉट्समधील कमाल वेग मिळतो. पाण्यावरची लांबी २० फूट असेल तर तो जवळपास ६ नॉट्स, म्हणजे ताशी ११ किलोमीटर येतो, आणि प्रत्यक्षात दिवसभराची सरासरी ४ ते साडेचार नॉट्स पडते. मुंबई ते गोवा हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे, म्हणजे अशा नौकेला न थांबता सुमारे ५० तास. जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो. येताना तोच तोंडावर येतो आणि नागमोडी चालीने अंतर जवळजवळ दीडपट होते. चार दिवसांची रजा घेऊन गोव्याला जाऊन येऊ, असे ज्यांनी ठरवले आहे त्यांनी हा हिशेब खरेदीआधी करावा. मुंबई बंदर, मांडवा, अलिबाग, मुरुड असा जवळचा किनारा हेच ज्यांचे वास्तव आहे त्यांना २४ ते २६ फूट पुरेसे आहेत.

कीलच्या खोलीकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. कोकणातील खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. अशा ठिकाणी ९० सेंटिमीटर खोलीची जुळी कील असलेली नौका ओहोटीत चिखलावर सरळ उभी राहते आणि खोल एकेरी कीलची नौका कुशीवर पडते. दुसरीकडे, एकेरी खोल कीलची नौका वाऱ्याच्या तोंडाकडे अधिक चांगली चालते. ज्याला खाडीतल्या मुक्कामांचे आकर्षण आहे त्याने जुळी किंवा उचलता येणारी कील पाहावी. उचलत्या कीलमध्ये मात्र तिची खीळ, केबल आणि केबल गुंडाळणारी विंच या तीन झिजणाऱ्या वस्तू वाढतात.

पाहायला गेल्यावर

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जाणारा शेतकरी बैलाच्या अंगावरची झूल आणि शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात मोजतो, खूर उचलून पाहतो, चालवतो आणि शक्य असेल तर जुंपून पाहतो. लाल कंधारी किंवा देवणी बैल पारखण्याची जी दृष्टी आपल्याकडे आहे तीच येथे वापरायची आहे. फक्त दात कुठे असतात ते माहीत हवे.

नौकेजवळ गेल्यावर प्रथम लांबून, मागून आणि पुढून, तिच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहावे. नंतर उन्हात तिरक्या नजरेने बाजूवरून पाहिले की दुरुस्ती केलेले भाग लाटेसारखे उमटून दिसतात. फायबरग्लासचे आयुष्य मोठे असते. १९७० च्या दशकातल्या कित्येक नौका आजही चांगल्या स्थितीत चालतात, त्यामुळे केवळ वयावरून नौका नाकारू नये. परंतु पाण्याखालच्या भागात जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी झिरपून फोड येतात. फोड फोडला असता त्यातून व्हिनेगरसारख्या वासाचा चिकट द्रव निघतो. थोडे फोड हा दुरुस्तीचा विषय आहे, सर्वत्र पसरलेले फोड हा मोठ्या खर्चाचा. म्हणूनच विक्रीपूर्वी नुकताच तळाला ताजा रंग दिलेली नौका पाहताना अधिक सावध राहावे.

त्यापेक्षाही डेककडे, म्हणजे ज्यावर आपण चालतो त्या वरच्या भागाकडे, जास्त वेळ द्यावा, कारण माझ्या मते जुन्या छोट्या नौकेचे खरे दुखणे तेथेच असते. डेक हा बहुधा फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड घालून केलेला असतो. प्रत्येक खिट्टी, कडी आणि रेलिंगचा खांब त्याला भोके पाडून बसवलेला असतो, आणि त्या भोकांतील सीलंट वाळले की पावसाचे पाणी मधल्या लाकडात शिरते. लाकूड कुजते, तरी वरून काहीच दिसत नाही. प्लॅस्टिकच्या तोंडाच्या लहान हातोडीने दर चार इंचांवर टकटक करत गेले की कोरड्या भागातून टणक, स्वच्छ आवाज येतो आणि कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. टरबूज पारखणाऱ्या कानाला हा फरक शिकवावा लागत नाही. चालताना पायाखाली डेक दबत असेल तर तेथेच थांबावे. आम्ही पाहिलेली दुसरी नौका २७ फुटांची होती, बाहेरून देखणी, रंग ताजा, गाद्या नव्या. ‘पावसाळ्यात थोडे पाणी येते’ एवढेच मालक म्हणाले होते. नौका तपासण्यासाठी नेमलेल्या सर्व्हेअरने हातोडी घेऊन डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटभोवती ठोकले, तेव्हा हातभर अंतरात एकही टणक आवाज आला नाही. चेनप्लेट म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या तारा नौकेच्या अंगाला जेथे जोडल्या जातात ती पट्टी. तेथील आधार कुजला तर भर वाऱ्यात डोलकाठी कोसळते. सर्व्हेअरची फी देऊन आम्ही रिकाम्या हाताने परतलो, आणि त्या फीइतके सार्थकी लागलेले पैसे मी क्वचितच खर्च केले असतील.

डोलकाठीच्या तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि त्या बाहेरून चकचकीत दिसत असतानाच टोकाच्या जोडात आतून झिजतात. भिंगाने प्रत्येक जोडाजवळ तडे, गंजाचे तपकिरी ओघळ आणि तुटलेली एखादी तार शोधावी. उघड्या हाताने तारेवरून बोट फिरवू नये, फडके फिरवावे. तुटलेले टोक असेल तर फडके अडकते. या तारा १० ते १५ वर्षांनी बदलाव्यात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कधी बदलल्या याची पावती नसेल तर त्या बदलायच्याच आहेत असे धरून किमतीतून तेवढी रक्कम वजा मागावी. कील आणि तळ यांच्या सांध्यावर तडा आहे का, आतून कीलच्या बोल्टांवर गंज आहे का, सुकाणू हलवताना खडखडते का, हेही पाहावे. ज्या झडपांतून पाणी आत-बाहेर जाते त्या प्रत्येक झडपेला उघडबंद करून पाहावे. जाम झालेली झडप म्हणजे तळाला पडलेले भोकच समजावे. साध्या पितळी झडपा खाऱ्या पाण्यात जस्त गमावून ठिसूळ आणि गुलाबी होतात, म्हणून त्या ब्राँझच्या आहेत ना याची खात्री करावी.

शिडांच्या बाबतीत कापडापेक्षा शिवणीकडे पाहावे. कापड टिकते, उन्हाने दोरा कुजतो. नखाने दोरा ओढला असता सहज तुटत असेल तर पुन्हा शिवावे लागेल.

इंजिनाबद्दल मराठवाड्यातील माणसाला फार शिकवण्याची गरज नाही. ज्याने जुना ट्रॅक्टर घेतला आहे किंवा विहिरीवरचे डिझेल इंजिन चालवले आहे त्याला निळा धूर म्हणजे ऑइल जळते आणि काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही किंवा इंजिनावर ताण आहे, हे ठाऊकच असते. फरक एवढाच, की नौकेचे इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होते. एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी उडत असलेच पाहिजे, आणि ते उडत नसेल तर पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी चक्री, फाटला आहे किंवा खाऱ्या पाण्याने वाहिन्या तुंबल्या आहेत. आपण पोहोचण्याआधी मालकाने इंजिन गरम करून ठेवलेले नसावे, म्हणून आधी हात लावून पाहावा. थंड इंजिन किती वेळात सुरू होते यातच त्याची प्रकृती कळते. इंजिन सेलड्राइव्ह प्रकारचे, म्हणजे प्रोपेलरचा पाय थेट तळातून खाली उतरणारे असेल तर तळातील रबरी पडदा कधी बदलला हे विचारावे; व्होल्व्हो पेंटा तो ७ वर्षांनी बदलायला सांगते, आणि त्यासाठी इंजिन पुढे सरकवावे लागते. २४ फुटांपर्यंतच्या नौकेला मागे टांगलेले ६ ते १० अश्वशक्तीचे आउटबोर्ड पुरते आणि ते दुरुस्तीला काढून नेता येते, हा दूर राहणाऱ्या मालकाला मोठा फायदा आहे.

एवढे सगळे स्वतः तपासल्यावरही स्वतंत्र सर्व्हेअर नेमावाच. तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा आणि त्याने नौका पाण्याबाहेर असताना पाहिलेली असावी. विमा कंपनीही बहुधा त्याचा अहवाल मागते. सर्व्हेबरोबरच समुद्रात चालवून पाहणेही आलेच. १२-१५ नॉट्सच्या वाऱ्यात दोन तास, दोन्ही बाजूंना कलवून. कलल्यावर केबिनचे दार पूर्वीसारखेच बंद होते का ते पाहावे. होत नसेल तर नौकेचे अंग पिळवटते आहे.

कागदपत्रे

शेतीच्या व्यवहारात सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय आपण इसार देत नाही, तीच सवय येथेही हवी. नोंदणीचे प्रमाणपत्र विकणाऱ्याच्याच नावावर असावे आणि मूळ खरेदीपासून आजपर्यंतच्या विक्रीपत्रांची साखळी अखंड असावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील छोट्या बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नोंदणी हस्तांतरित कशी होईल आणि खासगी वापरासाठी काय लागेल, हे पैसे देण्याआधी तेथे जाऊन विचारावे. नौका परदेशी बनावटीची असेल तर ती आयात करताना सीमाशुल्क भरल्याचे बिल ऑफ एंट्री पाहावे. एखाद्या परदेशी प्रवाशाने येथे सोडून दिलेली नौका अतिशय स्वस्तात देऊ केली जाते तेव्हा बहुधा हाच कागद नसतो, आणि मग ती स्वस्त राहत नाही. १९७२ च्या अखेरीपासून अमेरिकेत बांधलेल्या नौकांच्या मागच्या भागावर उजवीकडे १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो आणि इंजिनाचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकांशी ताडून पाहावा. नौका ज्या यार्डात किंवा क्लबात आहे तेथील थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, कारण थकबाकी फिटेपर्यंत ते नौका हलवू देणार नाहीत. समुद्रावरून बोलण्यासाठीचा व्हीएचएफ रेडिओ असेल तर त्याचा परवाना वेगळा असतो, तोही पाहावा.

सांभाळणारा माणूस

आता ती पहिल्या हंगामातली हकीकत. मुंबई बंदरात बहुतेक शिडाच्या नौका धक्क्याला बांधलेल्या नसतात. त्या तळाशी टाकलेल्या वजनाला साखळीने बांधून पाण्यात उभ्या असतात आणि तेथपर्यंत छोट्या होडीने जावे लागते. आमची नौकाही अशीच होती. तिचा प्रोपेलरचा दांडा जेथून तळाबाहेर जातो तेथील पॅकिंगमधून थेंबथेंब पाणी येत असे. ते नेहमीचेच असते, आणि ते उपसण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप होता. ज्याला आम्ही महिन्याचे पैसे देत होतो त्याने तीन आठवडे नौकेवर पाऊल ठेवले नाही, बॅटरी उतरली, पंप थांबला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन अर्धे खाऱ्या पाण्यात होते. एका थेंबाने हे केले. नौका घेताना आम्ही जे वाचवले होते ते त्या इंजिनात गेले.

म्हणून माझा आग्रह आहे, की नौका ठरवण्याआधी माणूस ठरवावा. शक्यतो पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर असलेल्या कोळी कुटुंबातील, ज्याची स्वतःची होडी त्याच पाण्यात रोज जाते असा माणूस पाहावा, कारण त्याला वेगळी फेरी मारावी लागत नाही. त्याला काय करायचे ते लेखी द्यावे: आठवड्यातून दोनदा नौकेवर जाणे, तळातील पाणी पाहणे, बॅटरीचे व्होल्टेज आणि बांधलेल्या दोरांचे फोटो पाठवणे, वादळाचा इशारा आला की दोर दुप्पट करणे. मोबदला वेळेवर द्यावा आणि त्याच्याशी ‘दादा’ म्हणून आदराने वागावे. आपल्या लाखो रुपयांच्या वस्तूची मदार त्याच्यावर आहे. आमच्या आजच्या तांडेलदादांनी एका मार्चमध्ये केवळ साखळीचा आवाज वेगळा येतो म्हणून डुबकी मारून पाहिले आणि झिजलेली कडी शोधली.

भागीदारी करायची असेल तर सावडीचा नियम आठवावा. दोन शेतकरी एकेक बैल एकत्र करून नांगरतात तेव्हा कोणाचे शेत आधी, हे पेरणीपूर्वीच ठरते. नौकेतही चौघांचे हक्काचे शनिवार-रविवार, खर्चाचा वाटा, दुरुस्तीचा निर्णय किती रकमेपर्यंत एकट्याने घ्यायचा आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा, हे मुद्रांक कागदावर लिहावे. चारपेक्षा अधिक भागीदार घेऊ नयेत. नौकेवर जाणारे दिवस वाटून घेतले की दर आठ-दहा दिवसांनी चौघांपैकी कोणी तरी तिच्यावर असतो, आणि दूर राहणाऱ्यांना याहून चांगली देखभाल विकत मिळत नाही.

केव्हा घ्यावी

एप्रिल हा पाहण्याचा उत्तम महिना आहे. मेच्या अखेरीस बंदर बंद होण्याआधी प्रत्येक मालकाला नौका बाहेर काढून शाकारण्याचा खर्च दिसू लागतो, आणि ज्याला विकायचीच आहे तो या दिवसांत बोलणी करायला तयार असतो. एप्रिलमध्ये नौका पाहून, मेच्या पहिल्या पंधरवड्यात वारा असताना ती चालवून घ्यावी, थोडा इसार देऊन सर्व्हेच्या निकालावर सौदा अवलंबून असल्याचे लिहून घ्यावे, आणि क्रेनने ती बाहेर काढली जाईल त्या दिवशी सर्व्हेअरला घेऊन आपण स्वतः तेथे हजर राहावे. तळावरून पाणी निथळत असताना जे दिसते ते रंग दिल्यानंतर दिसत नाही. बाकीचे पैसे त्यानंतरच द्यावेत. मग जून ते सप्टेंबर हे चार महिने नौका ताडपत्रीखाली कोरडी उभी असते. तारा बदलणे, झडपा काढून नव्या बसवणे, डेकवरच्या खिट्ट्या उचकटून नवे सीलंट भरणे ही कामे त्या काळात होतात, आणि तळाचा रंग मात्र पाण्यात उतरवण्याच्या आठवड्यातच द्यावा. नारळी पौर्णिमा होऊन गेली, समुद्र निवळला, की सप्टेंबरच्या अखेरीस उधाणाच्या भरतीची वेळ पाहून क्रेनचा दिवस ठरवावा आणि देवगिरीचे आरक्षण त्याच दिवशी करून टाकावे.